बाळ येणार आहे, घर कसं तयार करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवस राहिल्याचं कळलं की कोल्हापुरातल्या घरात दोन विषय निघतातच: पोरीला खायला काय घालायचं आणि घरात काय बदलायचं. आमच्या पेठेतल्या, नात्यातल्या मुली जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं एका जागी लिहिलेत. उत्तरं देताना एक गोष्ट मी धरून ठेवली आहे. पहिले काही महिने बाळाला फार थोडं लागतं: आईचं दूध, ऊब, कोरडे कपडे. घर तयार करायचं ते बाळंतिणीसाठी. औषध-उपचारांत शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

बातमी कधी सांगायची? तिसरा महिना सरेपर्यंत गप्प राहावं का?

नातेवाइकांना उशिरा सांगितलं तरी काही बिघडत नाही. गर्भपाताचा धोका पहिल्या बारा आठवड्यांत जास्त असतो. तेव्हा गावभर सांगितलेलं असेल तर पुढं प्रत्येकाला उत्तर देत बसण्याचा त्रास त्या पोरीलाच होतो. चोरओटी गुपचूप भरायची रीत त्यातूनच आली असावी, असं मला वाटतं.

पण ज्यांच्या हातून काम व्हायचं आहे त्यांच्यापासून लपवू नका. डॉक्टर, आशाताई, नवरा आणि घरात जी बाई तुमचं ऐकून घेते ती, एवढ्यांना लगेच कळलं पाहिजे. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पहिल्या आठवड्यांतच उपयोगी पडतात, तीन महिने थांबून चालत नाही. नोंदणीही बारा आठवड्यांच्या आत करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात घ्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनीही चौथ्या महिन्यानंतर एकदा ती करून घ्यायला हरकत नाही.

घरात गरोदर बाई असताना बांधकाम काढू नये, खोदू नये म्हणतात. आमच्या न्हाणीघराचं काम अर्धवट आहे. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तो विचारताना घरात भांडण झालेलं असतं, हेही कळतं. सासूबाई नको म्हणतात, नवरा म्हणतो बाळ यायच्या आत उरकू.

या समजुतीकडं मी अशी बघते: खणलेल्या जमिनीवरून पाय घसरतो, सिमेंटची आणि जुन्या चुन्याची धूळ छातीत जाते, घरातला पैसा वाळू-विटांत अडकतो आणि नवरा गवंड्याच्या मागं फिरत राहतो. या चारही गोष्टी गरोदर बाईच्या अडचणीच्याच आहेत. म्हणून मजला चढवणं, पाया खणणं, भिंत पाडणं अशी मोठी कामं खरंच पुढं ढकला. न्हाणीघराचं अर्धवट काम मात्र पूर्ण करा. फुटकी फरशी आणि नळाला लावलेला तात्पुरता पाइप यांत बाळंतीण वावरणार असेल, तर तो धोका जास्त मोठा. काम चालू असेल तेवढे दिवस तिला माहेरी किंवा जावेकडं पाठवा. सासूबाईंना "तुमचं ऐकून मोठं काम थांबवलं" असं सांगा. ते खरंही असतं.

काळ निवडायचा तर चौथा ते सहावा महिना बरा. मळमळ कमी झालेली असते आणि पोट अजून आड येत नाही. पण महिन्यांपेक्षा आपल्याकडचा पाऊस आधी बघा. जूनमध्ये पाऊस धरला की भिंती ओल धरतात आणि ओल्या भिंतीवर दिलेला रंग दिवाळीपर्यंत पोपडे धरून सुटतो. गिलावा, रंग, गच्चीची गळती ही कामं मे महिन्याच्या आत संपवा. जमलं नाही तर दसऱ्यापर्यंत राहू द्या. बाळाला भिंतीचा रंग जुना की नवा काही कळत नाही.

रंग द्यायचाच आहे. गरोदरपणात तो वास चालतो का?

पाण्यात मिसळायचा रंग घ्या, ऑइलपेंट आणि थिनर टाळा, खिडक्या उघड्या ठेवून खोली चांगली वाळू द्या आणि वास पूर्ण गेल्यावरच तिथं झोपा. खरी भीती जुन्या रंगाची आहे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या, लोखंडी पलंगाच्या रंगात शिसं असू शकतं. वाड्यातल्या दारावर तर एकावर एक किती थर असतात! ते कोरडे घासले की बारीक पूड उडते. पोटातल्या बाळाच्या मेंदूला शिसं घातक आहे. तो रंग घासूच नका. घासायचाच असेल तर गरोदर बाई आणि लहान मुलं घराबाहेर असताना, ओला करून घासा आणि नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. वाळवीची फवारणी, ढेकणांचं औषध हेही याच काळात नको.

पैसे मोजकेच आहेत. घरातलं कुठलं काम पहिलं?

न्हाणीघर. बाळाची खोली सजवायला ठेवलेले पैसे इकडं वळवा, असं मी प्रत्येकीला सांगते.

पहिली गोष्ट गॅस गीझर. आपल्याकडं बाळंतिणीची आणि बाळाची अंघोळ लांबते. मालीश करणारी बाई येते, पाणी कढत लागतं आणि वारं लागू नये म्हणून दार-खिडकी सगळं बंद करून घेतात. त्याच बंद खोलीत गॅस गीझर जळत असेल तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि मदतीसाठी हाक मारण्याइतकंही त्राण राहत नाही. गीझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. तांब्याचा बंब असेल तर तोही अंगणात किंवा मागच्या सोप्यात पेटवा. धूर आत नको. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत बंद करा, कारण त्यातूनही तोच वायू निघतो. ऊब हवी तर जाड कपडे आणि आईचं अंग पुरेसं असतं.

दुसरं, कमोड. सातव्या महिन्यानंतर उकिडवं बसून उठणं जड जातं. टाके पडले असतील तर पुढं कित्येक दिवस नको वाटतं. नवीन बसवणं परवडत नसेल तर देशी भांड्यावर ठेवायची खुर्ची मेडिकल स्टोअरमध्ये मिळते. भिंतीला धरायला एक दांडी ठोकून घ्या. शहाबादी फरशीवर शेवाळ धरलं असेल तर घासून काढा.

तिसरं, रात्रीचा उजेड. बाळंतीण रात्रीतून चार-पाच वेळा उठते. पलंगापासून न्हाणीपर्यंत एक मंद दिवा कायम हवा. जिन्याखालच्या खोलीत शौचालय असेल तर तिची झोपायची सोयच खाली करा. वाड्यातले उभे लाकडी जिने पोट पुढं आलेल्या बाईनं दिवसातून दहा वेळा चढू नयेत.

यानंतर पैसे उरले तर खिडक्यांना डासांची जाळी लावा आणि टाकीला घट्ट झाकण बसवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळं फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही.

पाळणा घरचाच जुना आहे, माझ्या सासऱ्यांपासूनचा. चालेल का?

चालेल, आणि त्याचा आनंदही वेगळा आहे. तीन गोष्टी तपासा. गजांमधून बाळाचं डोकं किंवा मान अडकेल एवढं अंतर नको. सहा सेंटीमीटरच्या आतलं बरं. रंग उडत असेल तर वर लिहिलेला शिशाचा नियम इथंही लागू. तिसरी गोष्ट कडी. जुन्या घराच्या सागवानी तुळईतली कडी सहसा पक्की असते. फ्लॅटमध्ये पंख्याच्या हुकाला पाळणा कधीच टांगू नका. मिस्त्रीकडून स्लॅबमध्ये स्वतंत्र हुक बसवून घ्या आणि बाळ ठेवायच्या आधी धान्याचं पोतं टांगून झोके देऊन बघा.

साडीच्या झोळीत बाळ लवकर झोपतं हे खरं, पण तिथं अंग वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. कुणाची नजर असेल तेवढा वेळच झोळी. झोपवताना बाळ पाठीवर, खाली सपाट आणि जरा घट्ट गादी, आजूबाजूला उशा-लोड काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवायची मोहरीची उशीसुद्धा नको. बाळ कुशीवर वळायला लागलं की उथळ पाळणा सोडायचा.

बाळ यायच्या आधी कपडे आणू नयेत म्हणतात. मग ऐन वेळी काय करायचं?

आमच्याकडंही आणत नाहीत, आणि मला त्या भावनेचा आदर आहे. पण दवाखान्यातून निघताना बाळाच्या अंगावर काहीतरी हवंच. यावर घराघरांतून चालत आलेला उपाय असा: पहिले कपडे विकत घ्यायचेच नाहीत. भावंडांच्या, चुलत्यांच्या पोरांची जुनी झबली, टोपरी, कुंच्या मागून आणायच्या. मऊ झालेला जुना कपडा नव्यापेक्षा बाळाच्या कातडीला बराच. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी फाडायची आणि त्यातूनच छोटी वाकळ शिवून घ्यायची. सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं आणि गाठोडं बांधून ठेवायचं.

अंदाज हवा असेल तर दोन-अडीच डझन लंगोट, आठ-दहा झबली, सहा दुपटी, दोन कुंच्या. बाळंतपण आषाढ-श्रावणात असेल तर लंगोट डझनभर वाढवा, कारण त्या दिवसांत दोन-दोन दिवस कपडा वाळत नाही. माजघरात दोरी आणि पंखा यांची सोय आधीच करून ठेवा. ओलसर लंगोट घालू नका, पुरळ येतं. नंतर नवीन घ्यायचंच तर घाऊक भावात गांधीनगरला स्वस्त पडतं आणि सुती कापड हवं तर इचलकरंजी जवळच आहे. ठाण हातात घेऊन पाणी शोषतं का ते बघा, चकाकी बघू नका.

डोहाळजेवण कितव्या महिन्यात करावं? फार मोठं करायला हवं का?

बहुतेक घरांत सातव्यात करतात. फुलांचे दागिने, हिरवी साडी, चंद्रकोर, धनुष्यबाण, झोपाळा, सगळं हौसेनं करा. तिच्या आवडीचं ताट करा, कारण पुढचे कित्येक महिने तिची आवड कुणी विचारणार नाही. एवढंच बघा की तिला दोन तास ताठ बसवून ठेवू नका, मध्ये आडवं होऊ द्या. झोपाळा भाड्याचा असेल तर साखळी तपासा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पेढा की बर्फी हा खेळ ठेवू नका. हसत-खेळत होतो, पण झाकलेल्या वाटीत बर्फी निघाली की काही चेहऱ्यांवरचं हसू कमी होतं आणि ते त्या पोरीला बरोबर दिसतं. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये ८६३ झाल्या. वाढल्या, तरी फार कमीच. गर्भलिंग तपासणीला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि सोनोग्राफीत डॉक्टर मुलगा-मुलगी सांगत नाहीत ते त्यामुळंच. विचारूही नका. नावं दोन्हींची काढून ठेवा.

नववा महिना पावसाळ्यात येतोय आणि आम्ही नदीपलीकडं राहतो. पूर आला तर?

याची तयारी जुलैत न करता मे महिन्यात करायची. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पण गावाकडचा रस्ता त्याच्या कितीतरी आधी बंद होतो, कारण कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लवकर पाण्याखाली जातात आणि आपण त्यांच्यावरूनच ये-जा करतो. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून किंवा गगनबावड्याच्या रस्त्यावरून येणाऱ्यांनी तर आकड्यांची वाट बघूच नये. तारखेच्या किमान दोन-तीन आठवडे आधी शहरातल्या उंच भागात, दवाखान्याच्या बाजूला, नातेवाइकाकडं मुक्काम हलवा. त्यात संकोच नको. शहरातही शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर या बाजूंना पाणी येतं, म्हणून तिथं राहणाऱ्यांनीही पर्यायी घर बघून ठेवावं.

दवाखाना एकच धरून बसू नका. पहिल्या दवाखान्याचा रस्ता तुटला तर कुठं जायचं हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला तर सांगली-पुण्याकडून येणारा नवरा, आई किंवा औषधं अडकतात, हे गृहीत धरा. २०१९ मध्ये पाणीउपशाचे पंप बुडाले आणि चारी बाजूंनी पाणी असताना शहराला टँकरची वाट बघावी लागली. पिण्याचं पाणी साठवून ठेवा, उकळून वापरा. कार्ड, रिपोर्ट, आधार, सोनोग्राफीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्या सगळ्यांचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. रुग्णवाहिकेसाठी १०८. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधांसह मोफत आहे. सीपीआरला, म्हणजे शहरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, जायची वेळ आली तर पैशांसाठी थांबू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी की सासरी?

जिथं तिला झोप मिळेल तिथं. माहेरी जायचं ठरलं तर नवव्या महिन्यापर्यंत ताणू नका. सातव्या-आठव्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांना सगळे कागद दाखवा, म्हणजे ऐन वेळी तिला अनोळखी पेशंट म्हणून दाखल व्हावं लागत नाही.

नवऱ्यानं नक्की काय करायचं?

खूप. तिची भरपगारी रजा २६ आठवड्यांची असते, पहिल्या दोन मुलांसाठी, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तो अर्ज वेळेत जातोय का ते बघा. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. बँक-आधार जोडणीचं काम नवऱ्यानं अंगावर घ्यावं. खासगी नोकरीत बापाला कायद्यानं रजा मिळत नाही, म्हणून आपली रजा वर्षभर साठवून ठेवा आणि ती बाळ घरी आल्यावर वापरा. दवाखान्यात नातेवाइकांची गर्दी असते, घरी तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं. रात्रीचे लंगोट बदलणं आणि सकाळचा स्वयंपाक शिकून घ्या.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध गरोदरपणात चांगलं ना?

दूध चांगलं, पण कच्चं नको. न उकळलेल्या दुधातून लिस्टेरिया, ब्रुसेला यांसारखे जंतू येतात आणि त्यांनी गर्भपात होऊ शकतो. कट्ट्यावरून किटलीत घरी आणा, उकळा, मग प्या. तांबडा-पांढरा रस्सा चालतो, मटण पूर्ण शिजलेलं हवं आणि जळजळ वाढत असेल तर तांबडा कमी.

आजी गुटी, मध, काजळ सांगते. तिला कसं नाही म्हणायचं?

नाही म्हणायच्या आधी तिला कामं द्या. आजीच्या हातात बाळंतपणाची अर्धी विद्या आहे: डिंकाचे, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, आईला गरम जेवण, बाळाला हलक्या हातानं तेल. हे सगळं तिच्याकडं सोपवा. मग चार गोष्टी डॉक्टरांच्या तोंडून तिच्यासमोर वदवून घ्या. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं आणि पहिलं पिवळट दूध फेकायचं नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, गुटीही नाही. मध वर्षभर नाही, कारण त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळ डोळ्यांत नाही. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. धुरीचा धूर बाळाच्या छातीला सोसत नाही, तीही बंद.

पाचवी आणि बारशाचं काय? सिझेरियन झालं तर पाचव्या दिवशी आम्ही दवाखान्यातच असू.

घरी आल्यावर करा, सटवाई थांबते. पाटा-वरवंटा, कोरा कागद, पेन मांडा, पण रात्रभर तेवणारा दिवा मच्छरदाणीपासून आणि पाळण्यापासून लांब. बारसं बाराव्या दिवशीच करायचा हट्ट नको. सव्वा महिन्यानं केलं तरी आत्याचा मान तोच आणि घुगऱ्याही त्याच.

कागदाचं मात्र थांबवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी आणि ती जिथं जन्म झाला तिथं होते, तुम्ही राहता तिथं नाही. दवाखाना कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत असेल तर दाखला महापालिकेचा, घर शिरोळ तालुक्यात असलं तरी. दवाखाना नोंद कळवतो, तुम्ही आई-वडिलांच्या नावांची अक्षरं तपासा. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदार नोंदणी सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा चूक आत्ताच दुरुस्त करून घ्या.

घरात तीन वर्षांची थोरली आहे. तिला कसं तयार करू?

तिचं अंथरूण वेगळं करायचं असेल, अंगणवाडी सुरू करायची असेल, तर बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी करा. बाळ आल्यावर लगेच केलं तर त्यानं माझी जागा घेतली असंच तिला वाटणार. लंगोटांच्या घड्या तिला घालू द्या, वाकड्या आल्या तरी. भेटायला येणाऱ्यांना आधी तिच्याशी बोलायला सांगून ठेवा.

हुपरीचे वाळे-पैंजण बाळाला कधी घालावेत?

बारशाला थोडा वेळ घाला, फोटो काढा आणि उतरवा. रोज घालायचे तर घुंगरू नसलेले, कडा गुळगुळीत केलेले, बोट सहज आत जाईल एवढे सैल घ्या. सुटलेलं घुंगरू बाळ पहिलं तोंडात घालतं. काळ्या मण्यांच्या मनगट्यांचा दोरा दर आठवड्याला ओढून बघा आणि गळ्यात काहीही बांधू नका.